आठ इंच वर

मित्रांनो, माझ्याकडे बघून मी कोण ते तुम्हांला चटकन ओळखू येणार नाही. माझे डावे दार नाही, उजवे ओल लागून फुगले आहे, आणि आतल्या फळ्यांवर एका मांजरीने दोनदा पिल्ले घातली आहेत. पण मी कपाट आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीला टांगतात, त्यातले एक जुने कपाट. गेली तीन वर्षे मी एका घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली, जमिनीवर पडून आहे. माझ्या जातीला जमीन शोभत नाही. तरीही मला आता वर जायचे नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म एका फर्निचरच्या दुकानामागच्या लांबट खोलीत झाला. तिथे एक वयस्क मिस्त्री काम करत असे. पेन्सिल कानामागे खोचायची आणि मग तीच पेन्सिल दिवसभर शोधत फिरायचे, ही त्याची सवय. त्याने मला प्लायवूडच्या फळ्यांतून कापले, कडा घासल्या, कच्च्या पेरूच्या रंगाचे तुळतुळीत लॅमिनेट चिकटवले आणि दोन दारे लावली. काम संपल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते, कारण नंतर कुणी मला तशी मारली नाही.

दुकानाला एक नमुना हवा होता, म्हणून मला आतल्या खोलीतून बाहेर आणून टांगले. ते एक अजब ठिकाण होते. तिथे दहा स्वयंपाकघरे होती आणि एकातही कधी चहा झाला नव्हता. नळांना पाणी नव्हते, शेगड्यांना गॅस नव्हता. समोरच्या बाजूला न्हाणीघरे मांडली होती. तिथले आरसे, आरशामागची छोटी कपाटे, बेसिनखालचे कप्पे सगळे कोरडे ठणठणीत. दिवे मात्र दिवसभर चालू. माझ्या बुडाशी एक बारीक पट्टीचा दिवा होता. तो लावला की खालच्या ओट्यावर दुधासारखा स्वच्छ उजेड पडे. मला त्याचा मोठा अभिमान होता.

तिथे मी माणसे निवड कशी करतात ते पाहिले. माणसे आधी रंग बघत. मग मुठी बघत. मग माझे दार उघडून सोडून देत, आणि ते आपोआप हळूच मिटले की नवराबायको एकमेकांकडे बघून हसत. लहान मुले तर तो खेळच करत. सगळे माझे कौतुक करायचे. पण उघडमीट करून करून माझ्या डाव्या दाराची वरची बिजागरी सैल झाली. मिस्त्रीने स्क्रूच्या भोकात काडेपेटीची एक काडी गोंद लावून ठोकली, स्क्रू पुन्हा आवळला आणि म्हणाला, नमुन्याला चालून जाईल. नमुन्याला ते चाललेही असते.

एके दिवशी सकाळी तिघेजण आले. एक उंचापुरा मुलगा, त्याची धाकटी बहीण आणि त्यांची आई. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता, बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी. आई एकटीच जुन्या घरात राहत होती. तिचा जन्म शिवणकामात गेला होता. सगळी गल्ली तिला शिलाईकाकू म्हणायची. ती इतकी बुटकी होती की दुकानाच्या काउंटरवर तिची हनुवटी जेमतेम दिसत होती. ती स्वतःच त्यावर विनोद करायची. म्हणाली, मला कापड कमी लागतं, म्हणून देवानं मला शिंपीण केलं.

मुलगा भारावलेला होता. त्याने दुकानातल्या नकाशे काढणाऱ्या बाईंना सगळे सांगितले. आईने वडिलांच्या मागे दोघांना मशीन चालवून वाढवले, त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात तिची पाठ वाकली, आता तिला मासिकात असते तसे स्वयंपाकघर करून द्यायचे आहे, आणि त्याबरोबर न्हाणीघरही. मित्रांनो, मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकून त्याला वाईट म्हणू नका. मी त्याला जवळून पाहिले आहे. त्याचे आईवर फार प्रेम होते.

आईला माझा रंग आवडला. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, हा छान आहे, डोळ्यांना थंड वाटतो. तेवढ्यावर मुलाने ठरवून टाकले की घ्यायचे तर हेच. नकाशावाल्या बाई म्हणाल्या की हा रंग आता येत नाही, दुसरा बघा. मुलगा म्हणाला, मग हाच नमुना द्या, आईला आवडलाय. माझी छाती अभिमानाने फुगली. डाव्या बिजागरीचा विषय कुणी काढला नाही. मला बोलता येत असते तर मी काढला असता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे.

मग मुलगा शेगडी बघायला ओट्यावर वाकला आणि त्याचे कपाळ माझ्या कडेवर खाडकन आपटले. सगळे हसले. तोही हसला, कपाळ चोळत. पण त्याने बाईंना सांगितले की हे कपाट बरेच वर घ्या, नाहीतर दर वेळी माझे टाळके फुटेल. बाईंनी नकाशात माझी खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर दाखवली होती. मुलाने हात वर करून दाखवले, इथे. बाईंनी मोजले. आठ इंच वर. त्या जरा घुटमळल्या. स्वयंपाक रोज कोण करणार, त्यांच्या उंचीने घेऊ या का, असे त्यांनी विचारले. मुलगा म्हणाला की वर घेतले म्हणजे छताला भिडते, धूळ बसत नाही, खोली मोठी दिसते. तेही खोटे नव्हते.

तेव्हा आईने पिशवीतून आपला शिवणाचा टेप काढला. तिने टेपचे एक टोक पायाखाली दाबले, दुसरा हात वर केला आणि बाईंना आकडा वाचायला सांगितला. पाच फूट चार. मग ओट्यावर वाकून पुन्हा मोजले. चार इंच कमी झाले. आयुष्यभर तिने दुसऱ्यांची मापे घेतली होती. स्वतःचे माप घेताना ती थोडी लाजली होती.

"मला खालची फळी सव्वाचार फुटांवर द्या," ती हळूच म्हणाली. "त्याच्या वरचं काही नसलं तरी चालेल. आणि उजेड हातावर पडू दे. डोळे गेलेत माझे, सुया ओवून ओवून."

त्याच वेळी मुलगी पलीकडून हाक मारत होती. तिला तीन काचेचे दिवे सापडले होते, लांब तारेने छतावरून लोंबणारे, थेंबाच्या आकाराचे. मुलगा तिकडे वळला. दोघे माना वर करून दिव्यांकडे बघत राहिले. आईने टेप गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

बाईंनी माझ्या बुडाशी असलेला पट्टीचा दिवाही घ्या म्हणून सुचवले. मुलगी म्हणाली की त्याने दवाखान्यासारखे दिसते. तो दिवा दुकानातच राहिला. न्हाणीघरासाठी काळ्या फरश्या निवडल्या, एक मंद पिवळा दिवा निवडला आणि आरशाचे एक देखणे कपाट निवडले. आईने आंघोळीच्या जागेशेजारी हाताशी एक साधी फळी मागितली होती. ती कुणी नकाशात काढलीच नाही. विसरले असतील. निवड करताना माणसांचे डोळे इतके दिपतात, मित्रांनो, की कानही त्यांच्याबरोबर बंद होतात.

मला बसवायला तोच मिस्त्री आला. मुले आपापल्या गावी परतली होती. जुन्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तीन फळ्या होत्या. मुलांच्या वडिलांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला ओट्यापाशी उभी करून, तिचा हात धरून, त्या ठोकल्या होत्या. हे तिने मिस्त्रीला चहा देताना सांगितले. मिस्त्रीने फळ्या काढल्या तेव्हा भिंतीवर डब्यांचे गोल ठसे उमटलेले दिसले. डबा कुठला ते ठशावरून तिला सांगता येत होते. एक तरी फळी खिडकीशेजारी राहू द्या, असे ती म्हणाली. मिस्त्रीने मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, नवीन कोऱ्या स्वयंपाकघरात ते ठिगळ कशाला. तीनही फळ्या मागच्या दारी गेल्या.

मग मिस्त्रीने आईला ओट्यापाशी उभे राहून हात वर करायला सांगितले. तिने केला. त्याने भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि नकाशाकडे बघितले. पुन्हा रेघेकडे बघितले. मग त्याने मुलाला फोन लावला. मुलाचे म्हणणे मला ऐकू आले नाही, मिस्त्रीचे "बरं, बरं, तुम्ही म्हणाल तसं" एवढेच ऐकू आले. त्याने नकाशाप्रमाणे भोके पाडली आणि मला उचलून टांगले. उतरताना तो आईकडे न बघता म्हणाला, "कागदाप्रमाणे केलंय मावशी. तुमच्या हाताप्रमाणे नाही झालं."

"असू दे," ती म्हणाली. "पोरानं हौसेनं केलंय."

पहिले काही दिवस गल्लीतल्या बायका मला बघायला येत होत्या. कुणी दारे उघडून सोडत, कुणी दिव्यांचे फोटो काढत. शिलाईकाकूंनी नशीब काढलं, असे सगळ्या म्हणत. आई हसत असे. बायका गेल्या की ती माझ्याखाली येऊन उभी राही. माझी कड तिच्या डोक्याच्याही वर होती. टाचा उंच केल्या की तिची बोटे माझ्या खालच्या फळीच्या काठाला लागत, बस तेवढीच. मधल्या आणि वरच्या फळीवर काय आहे ते तिला दिसतही नसे. तिथे काही नव्हतेच.

दिवे सुंदर होते. पण ते होते खोलीच्या मधोमध, तिच्या पाठीमागे. ती ओट्याशी उभी राहिली की तिची सावली तिच्याच हातांवर पडायची. भाजी चिरताना तिने किती वेळा बोट कापले, ते मी वरून मोजत असे. पुढे पुढे ती पाट खिडकीत नेऊन, खाली बसून भाजी चिरू लागली. न्हाणीघरातला आरसा मुलाच्या उंचीने लावला होता. त्यात तिला फक्त आपले डोके दिसे. एकदा शेजारीण म्हणाली, आरसा काय झक्क आहे. आई म्हणाली, हो, भांग सरळ पडतो, एवढा फायदा आहे. तोंड धुतलं की नाही ते बोटांनीच बघायचं. दोघी खूप हसल्या. शेजारीण गेल्यावर आई बराच वेळ बेसिनपाशी उभी होती. पाण्याचा आवाज नव्हता.

तिने आपले सगळे डबे ओट्यावर मांडले. साखर, मीठ, पीठ, चहा, डाळी. ओट्यावर हात ठेवायला जागा उरली नाही. मुलगी दोन-तीन महिन्यांनी यायची आणि ते बघून तिचा जीव कासावीस व्हायचा. दादाने एवढे केले आणि तू सगळे ओट्यावर पसरून ठेवतेस, कपाटे काय शोभेची आहेत का, असे ती बोलायची. मग स्वतःच भराभर डबे माझ्यात चढवायची. ती गेली की आई शेजारणीच्या उंच मुलीला बोलावून ते पुन्हा खाली काढून घ्यायची. मुलगा फोनवरून चेहरा दिसेल असा बोलायचा. त्याला स्वयंपाकघर बघायची हौस. म्हणून त्याचा फोन यायच्या आधी आई एकेक डबा उचलून आतल्या पलंगावर नेऊन ठेवी आणि वर चादर पांघरी. मग फोन ओट्यासमोर धरून उभी राही.

"कपाटं वापरतेस ना आई?"

"वापरते की. किती सामान मावतं रे."

फोन ठेवला की ती डबे परत आणी. दोन फेऱ्यांनंतर तिला धाप लागत असे. मला वाटे, तिने एकदा खरे सांगावे. तिला वाटत असावे, त्याचे मन मोडू नये. दोन वर्षे असे चालले. माझ्या डाव्या दाराची काडी या काळात कोरडी होत होती. मला ते आतून कळत होते.

मग एका सकाळी मुलाचा फोन आला. तो संध्याकाळी येणार होता, कामाच्या ठिकाणच्या दोघा मित्रांना घेऊन. त्यांनाही घरी नवीन स्वयंपाकघर करायचे होते. त्याला आपले काम दाखवायचे होते. तो फोनवर लहान मुलासारखा आनंदात होता. आई म्हणाली, ये, ये, सगळं नीट आहे.

पलंग त्या दिवशी पाहुण्यांना बसायला लागणार होता. डबे तिथे नेता येणार नव्हते. शेजारणीकडे कुणी नव्हते. आईने थोडा विचार केला आणि मशीनपुढचे लाकडी स्टूल आत आणले. ते स्टूल चाळीस वर्षांचे होते, बसून बसून गुळगुळीत झालेले.

पहिल्यांदा ती हलके डबे घेऊन चढली. एका हाताने माझी चौकट धरली, दुसऱ्या हाताने डबा आत सरकवला. माझ्या खालच्या फळीवर दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतः काही ठेवले. चहाचा डबा, मग मिठाचा. मला काय वाटले ते सांगू? मला आनंद झाला. मी त्या क्षणी इतका मूर्ख होतो.

मग तिने पिठाचा मोठा डबा उचलला. आभाळ भरून आले होते, खोलीत अंधारून आले होते. तिने मागचे तीनही दिवे लावले, त्यामुळे तिची सावली स्टुलावर पडली. तिला पाऊल कुठे ठेवायचे ते नीट दिसले नाही. डबा डोक्याच्या वर नेताना स्टूल सरकले. तिने हात टाकला आणि माझे डावे दार धरले.

मी धरून ठेवायला हवे होते. मित्रांनो, कपाटाचे कामच ते. पण काडी निसटली, स्क्रू निघाले, दार माझ्यापासून सुटले आणि तिच्या हातातच खाली गेले. पिठाचा ढग उडाला. तो विरला तेव्हा ती फरशीवर कुशीवर पडलेली दिसली. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

तिने शेजारणीला हाका मारल्या. पुष्कळ मारल्या. मग आवाज बसला. तिचा फोन ओट्यावर होता, माझ्या अगदी खाली. तो तीनदा वाजला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ती म्हणाली, "येते रे, येते," आणि कोपरावर उठायचा प्रयत्न केला. त्यानंतर तिने तसा प्रयत्न केला नाही. दुपारी तिने हाताला आलेल्या फडक्याने आपल्याभोवतीचे पीठ पुसायला सुरुवात केली. जिथवर हात पोचला तिथवर तिने फरशी स्वच्छ केली. मग ती नुसती वर बघत राहिली. मी तिच्याकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे. सात तास आम्ही दोघे एकमेकांकडे बघत होतो, आणि मला एक बोटही खाली जाता आले नाही.

पाच वाजता मुलाने आपल्या किल्लीने दार उघडले. मित्र मागे होते. बाहेरच्या खोलीत तो काहीतरी सांगत होता, रंगाबद्दल. मग तो दारात आला.

तो धावत आला आणि गुडघ्यांवर बसला. हलू नकोस आई, हलू नकोस, एवढेच तो म्हणत होता. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"कपाटातच ठेवत होते रे डबे," ती म्हणाली. "बघ, ओटा मोकळा होत आलाय."

तिला नेले. ओट्यावर तिचा फोन राहिला. घराला कुलूप लागले.

चार महिने मी एका दाराने टांगलेला होतो. पिठाला किडे लागले. मग एका दुपारी कुलूप उघडले आणि दोघे भावंडेच आत आली. आई त्यांच्याबरोबर नव्हती. ती घर आवरायला आली आहेत हे मला त्यांच्या हातातल्या रिकाम्या खोक्यांवरून कळले. बाकीचे त्यांच्या तुटक बोलण्यावरून. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, पण ती उठलीच नाही. मुलीच्या घरी पलंगावर पडून होती, मग छातीत कफ झाला. शेवटचे आठ दिवस तिला माणसे ओळखू येत नव्हती. ती पलंगाच्या कडेवरून सारखा हात फिरवत असे. मुलगी आधी म्हणायची, आई, काय शोधतेस. मग तिच्या लक्षात आले की आई ओटा पुसते आहे.

"मीच तिच्या मागे लागले होते," मुलगी म्हणाली. "ओटा मोकळा ठेव, ओटा मोकळा ठेव."

मुलगा माझ्यापाशी आला. त्याने माझे उरलेले दार उघडले. मिठाचा आणि चहाचा डबा खाली काढला. मग मधल्या फळीवर हात घातला, आणि वरच्या. तो उंच होता, त्याला टाचाही वर कराव्या लागल्या नाहीत. लॅमिनेटवर कारखान्यातून येताना चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा पापुद्रा वरच्या दोन्ही फळ्यांवर तसाच होता. त्याने तो नखाने सोलला. चर्र असा आवाज झाला.

मुलगी खाली बसली होती. ती रडत नव्हती, चिडली होती. आईवर, भावावर, स्वतःवर, सगळ्यांवरच.

"पण तिनं सांगायचं नाही का?" ती म्हणाली. "तोंड होतं ना तिला? एकदा तरी सांगायचं."

मुलाने पापुद्र्याची गुंडाळी हातात धरली होती.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "दुकानात. आपण दिवे बघत होतो."

मुलाने पाना आणला आणि मला भिंतीवरून सोडवले. एकट्याने. मुलगी मदतीला उठली तर त्याने मानेनेच नको म्हटले. मागच्या बाजूला आणून त्याने मला टेकवले आणि घरातून हातोडा आणला. एक घाव माझ्या कुशीत घातला. दुसरा घालायला हात वर नेला आणि तसाच खाली आणला. हातोडा तिथेच टाकून तो निघून गेला. तो पुन्हा आला नाही. घर भाड्याने दिले, असे नंतर आलेल्या माणसांच्या बोलण्यावरून समजले. बहीणभाऊ आता एकमेकांशी बोलत नाहीत, असेही शेजारीण भिंतीपलीकडे कुणाला तरी सांगत होती. एका कपाटावरून घर फुटलं, असे ती म्हणाली. कपाटावरून नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण माझे कोण ऐकतो?

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू आपली कहाणी सांगते तेव्हा शेवटी म्हणते, माझी काळजी घ्या, मला पुसा, रंगवा, टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला रंगवू नका. प्लायवूडला एकदा पाणी लागले की ते सुधारत नाही, आणि मला सुधारायचेही नाही. खालच्या बाजूने वाळवी लागली आहे. ती तिचे काम करते आहे.

पण तुमच्या घरी कधी नवीन फळ्या, कपाटे, दिवे घ्यायचे ठरले, तर एक करा. रंग नंतर बघा. तिथे रोज उभे राहणाऱ्या माणसाला आधी तिथे उभे करा. मग ती आई असो, आजी असो, नाहीतर स्वयंपाक करणारे बाबा. त्याचा हात कुठे पोचतो आणि उजेड कुठे पडतो, ते तुम्ही स्वतः बघा. त्या माणसाला काय हवे ते विचारा, आणि विचारल्यावर दुसरीकडे बघू नका. कारण तो एकदाच सांगेल. हळू आवाजात सांगेल, थोडे लाजत सांगेल, आणि तुम्ही ऐकले नाही तर म्हणेल, असू दे. त्यानंतर तो कधीच सांगणार नाही.